आमची वाटचाल: आधी विहीर, मग मोटर

आमची सुरुवात मोटर रिवाइंडिंगच्या छोट्या दुकानातून झाली. जळालेली सबमर्सिबल यायची, आम्ही ती उघडायचो, काळंठिक्कर पडलेलं वाइंडिंग काढून नवी तार भरायचो. सोलर तेव्हा आमच्या गावीही नव्हतं. पण मोटर का जळाली हे टेबलावर उघडलेल्या मोटरवरून कळतं. कुणी ती कोरडी चालवलेली असायची, कुणी झेपणार नाही इतक्या उंचीवर पाणी चढवायला लावलेली असायची. पुढे सोलर पंपांच्या कामात आलो तेव्हा हीच शिदोरी बरोबर होती.

या कामात आम्हाला ओढलं ते डिझेल इंजिनवाल्यांनी. जिथे विजेच्या तारा पोचलेल्या नाहीत, तिथली माणसं इंजिन दुरुस्तीसाठी यायची आणि जाताना विचारायची, ‘पॅनेलवर पाणी निघेल का हो?’ पॅनेल स्वस्त होत गेले तसा हा प्रश्न वाढत गेला आणि रिवाइंडिंग मागे पडलं.

अजूनही गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ‘किती एचपी बसवू?’ हाच असतो. आम्ही उलट विचारतो: पाणी किती खोल आहे, उपसा सुरू झाल्यावर किती खाली जातं, टाकी किती उंचावर आहे आणि दिवसाला किती लिटर लागतं? एवढं कळलं की बाकीचं गणित वहीच्या पानावर होतं. हजार लिटर पाणी १ मीटर उचलायला साधारण २.७ वॉट-तास लागतात. रोज १० हजार लिटर, एकूण उचल ५० मीटर, तर नुसत्या उचलण्याचे झाले १.३६ युनिट. पंप आणि मोटर मिळून ४५ टक्के कार्यक्षमता धरली तर ३ युनिट. दिवसात ५ तास भर उन्हाइतका प्रकाश मिळाला तर ६०० वॉट पुरतात. उष्णता, धूळ आणि केबलमधली घट धरून आम्ही ८०० वॉटचे पॅनेल लावतो. हे ऐकून पाच एचपीची तयारी करून आलेला माणूस हमखास संशयाने बघतो. ‘दादा, एवढ्याशानं होतंय का?’ होतं. उलट मोठा पंप बोअर तासाभरात कोरडा करतो आणि मग ड्राय-रनचा (पंप कोरडा चालू नये म्हणून लावलेला) सेन्सर त्याला दिवसभर बंद-चालू करत बसतो.

म्हणून ऑर्डर घेण्याआधी आम्ही पाण्याची चाचणी घेतो. जनरेटरवर तात्पुरता पंप सोडायचा, पाइपाच्या तोंडाशी ठरावीक मापाचं पिंप आणि स्टॉपवॉच ठेवायचं, आणि पातळी मोजायची पट्टी केसिंगमधून, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपातून, खाली सोडायची. पट्टीच्या टोकाला पाणी लागलं की बझर वाजतो. सुरुवातीला १८ मीटरवर वाजलेला बझर उपसा चालू झाल्यावर २२, २६, ३१ असा खाली सरकत जातो आणि एका जागी थांबतो. पंप बंद केल्यावर पातळी किती वेळात वर येते तेही आम्ही लिहून ठेवतो. हेडचा, म्हणजे एकूण उचलीचा, हिशेब या थांबलेल्या पातळीवरून करायचा, १८ वरून नव्हे. आणि पंप लटकवायचा तिच्याही खाली, पण तळातल्या गाळापासून वर.

पंप कोणता, यावर आमच्याकडेच बरेच वाद झाले. सेंट्रिफ्यूगल, म्हणजे पाती फिरवून पाणी फेकणाऱ्या पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आला की त्याची पाणी चढवायची ताकद ६४ टक्क्यांवर येते. त्यामुळे खोल बोअरमध्ये सकाळी किंवा ढगाळ हवेत मोटर फिरते, वीज खाते आणि वर थेंब येत नाही. हेलिकल रोटर पंपात पीळदार स्टीलचा दांडा रबरी नळीत फिरतो आणि पाण्याचे कप्पे वर सरकवत नेतो. हळू फिरला तरी थोडं पाणी वर येतंच. ही रचना १९३० च्या सुमारास रने म्वानो या फ्रेंच अभियंत्याने शोधली, सोलरशी तिचा तेव्हा काडीचा संबंध नव्हता. खोल पाणी आणि कमी उपसा असेल तर आम्ही हाच पंप देतो. बोअरमधून वाळू येत असेल तर मात्र नाही, रबर खाल्लं जातं. उथळ विहीर आणि भरपूर पाणी असेल तर सेंट्रिफ्यूगलच बरा.

बॅटरी आम्ही सहसा विकत नाही. दोन-तीन दिवस पुरेल एवढी टाकी उंचावर बांधा, ढगाळ दिवसांची सोय त्यातच झाली. टाकीच्या १० मीटर खाली नळाला सुमारे १ किलोचा दाब आपसूक मिळतो, रात्रीही.

केबलचा जोड हे आमच्याकडे एकाच माणसाचं खातं आहे. रिवाइंडिंगच्या दिवसांपासूनचे आमचे वायरमन काका कुणालाही त्याला हात लावू देत नाहीत. एकदा दुसऱ्या कुणी बसवलेला बंद पंप आम्ही वर ओढला. जोडाला साधी टेप गुंडाळलेली होती. काकांनी ती नखाने सोलली तर आतून पाणी गळलं, तांबं हिरवंगार झालेलं. काका काही बोलले नाहीत, टेपचा तुकडा वहीला चिकटवून ठेवला. नव्या पोराला पहिल्या दिवशी तोच दाखवतात. आमचा जोड आतून गोंद असलेल्या हीट-श्रिंकमध्ये (तापवल्यावर आवळून बसणाऱ्या नळीत) बंद होतो, रात्रभर बादलीतल्या पाण्यात बुडतो आणि सकाळी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावूनच बोअरमध्ये जातो.

पॅनेलच्या बाजूला आम्ही दोन गोष्टींवर अडून बसतो. एक, पॅनेलमधून येणाऱ्या डीसी विजेला डीसीचाच आयसोलेटर, म्हणजे वीज तोडायचा स्विच. एसी, म्हणजे तारांवरून घरी येणाऱ्या विजेचा प्रवाह सेकंदात कितीतरी वेळा शून्यावर येतो म्हणून स्विचमधली ठिणगी विझते; डीसीत ती जळतच राहते. दुसरी, सावली. एका फांदीची सावली दोन-चार सेलवर पडली तरी सिरीजमधल्या सगळ्या रांगेला फटका बसतो. झाडाजवळ पॅनेल हवेत म्हणणाऱ्याला आम्ही चक्क नाही म्हणतो, काम गेलं तरी चालेल. आणि थंडीतलं व्होल्टेज! पारा २५ अंशांच्या खाली उतरला की प्रत्येक अंशाला ते ०.३ टक्क्यांच्या आसपास वाढतं. पॅनेलची वीज पंपाला देणाऱ्या कंट्रोलरच्या कमाल मर्यादेत त्या हिशेबाने जागा सोडायची, नाहीतर थंडीतल्या एखाद्या स्वच्छ सकाळी तो जातो.

आज नव्या जोडण्यांइतकंच काम जुन्या पंपांच्या देखभालीचं असतं. त्यात बरंचसं पॅनेल धुणं, अर्थिंग तपासणं, टाकीतला अडकलेला फ्लोट सोडवणं. पैसा कमी, पण बोअरची पातळी वर्षागणिक कशी बदलते याची नोंद आमच्या वहीत जमते, आणि शेजारच्या जागेचं काम आलं की तीच वही आधी उघडते.

आम्हाला बोलावण्याआधी बोअर किंवा विहिरीची खोली, केसिंगचा व्यास, टाकीपर्यंतचं अंतर आणि चढ, आणि दिवसाचे लिटर एवढं लिहून ठेवा. दुपारी जिथे ऊन पडतं त्या जागेचा फोटोही काढा. पातळी आम्ही येऊन मोजू.