परीक्षा कुत्र्याची नव्हे, पाळणाऱ्याची

जर्मनीत, हानोफर शहरात, कुत्रा पाळायचा म्हटल्यावर आधी मलाच परीक्षा द्यावी लागेल हे कळले, तेव्हा संताप आला. साताऱ्याच्या आमच्या घरी अंगणात कुत्रा नव्हता असा काळ मला आठवत नाही. तरीही मी येथे नवशिकी ठरले, कारण गेल्या १० वर्षांत सलग २ वर्षे कुत्रा सांभाळलेला असेल, तरच या राज्यात ही परीक्षा माफ होते आणि माझे बालपण त्या हिशेबात बसत नव्हते.

२०१३ पासून लागू असलेल्या या नियमाप्रमाणे लेखी परीक्षा कुत्रा घरी येण्यापूर्वी आणि प्रात्यक्षिक पहिल्या वर्षभरात द्यायचे असते. लेखी परीक्षेच्या अभ्यासात मी जे वाचले, ते इतकी वर्षे कुत्र्यांत राहूनही मला कोणी सांगितले नव्हते: शेपूट हलवणारा कुत्रा खूश असेलच असे नाही, आणि वारंवार जांभया देणारा, ओठ चाटणारा, मान फिरवणारा कुत्रा बहुधा ताणाखाली असतो, म्हणून त्या क्षणी त्याला गोंजारायला जाऊ नये. प्रात्यक्षिकात परीक्षक बाई माझ्याबरोबर भर रस्त्यातून चालल्या. समोरून एक लहान मुलगा हात पुढे करून धावत आला. मी पट्टा आखडून कुत्रीला दुसऱ्या बाजूला घेतले आणि मुलाच्या आईला थांबायची विनंती केली. बाईंनी नोंद घेतली ती याची. पुढे माझी कुत्री ‘बस’ म्हटल्यावर बसली नाही, त्याकडे त्यांनी लक्षही दिले नाही, कारण धोका वेळीच ओळखता येतो की नाही, एवढेच त्यांना पाहायचे होते.

याशिवाय सहा महिन्यांवरील प्रत्येक कुत्र्याला ओळखीसाठी कातडीखाली बसवायची चिप आणि विमा बंधनकारक आहे. कुत्र्याने कोणाला इजा केल्यास किमान ५ लाख युरोंपर्यंतची भरपाई त्या विम्यात असावी लागते. १ एप्रिल ते १५ जुलै हा पक्ष्या-प्राण्यांच्या विणीचा काळ असल्याने रानात पट्टा सोडता येत नाही.

इकडचे सगळेच चांगले, असे मात्र मी म्हणणार नाही. कुत्र्याला पुरेसे बाहेर हिंडू द्यावे आणि दिवसातून अनेकदा त्याला सोबत द्यावी, असा नियम या देशाला करावा लागला. आमच्या आळीतल्या कुत्र्यांना कोणी मालक नव्हता, पण दिवसभर माणसांची सोबत होती, आणि उरलेली भाकरी त्यांच्यासाठी बाजूला काढणाऱ्या माझ्या आजीची माया कोणत्याही परीक्षेत मोजता आली नसती. रेबीजच्या बाबतीत मात्र मायेने भागत नाही, तेथे लसच लागते. येथे कोल्ह्यांसाठी विमानातून लशीची आमिषे टाकून २००८ पर्यंत त्यांच्यातला रेबीज संपवला गेला. हे आपल्याला जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावे. गावोगावी कुत्र्यांना लस टोचून ते राज्य २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत लिफ्टमधल्या कुत्र्यावरून भांडणे होतात आणि कुत्रा पाळणारे व त्याला घाबरणारे एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात. तेथे कुत्र्यांना बंदी घालणाऱ्या पाट्या लावण्यापेक्षा पशुवैद्यांनी मराठीतून अशी परीक्षा घ्यावी, आणि गल्लीतल्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्यांनाही तिच्या शिकवणीला मोफत बसवावे, असे मला मनापासून वाटते.