बटण काही उघडेना

काटोलला मामाची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची संत्री नागपुरात थेट घरपोच द्यायची ठरलं, म्हणून धरमपेठेतल्या माझ्या खोलीवर बसून मी मागणीचं एक वेबपान केलं. नाव, फोन, किती पेट्या, आणि खाली 'मागणी पाठवा' हे बटण. रकाने भरेपर्यंत बटण बंद राहावं म्हणून एचटीएमएलमध्ये (पान लिहायची भाषा) त्याला डिसेबल्ड, म्हणजे 'बंद', हे ॲट्रिब्यूट (कोडमध्ये जोडलेली खूण) लावलं, आणि सगळं भरून झालं की स्क्रिप्टमधून सेटॲट्रिब्यूट (ॲट्रिब्यूट लिहिणारी आज्ञा) वापरून त्याच डिसेबल्डला 'फॉल्स', म्हणजे 'नाही', दिलं.

दुसऱ्या दिवशी मामाचा फोन. "बटन दबून नाही राहिलं बे."

ब्राउझरमधलं इन्स्पेक्ट (पानामागचा कोड दाखवणारी खिडकी) उघडून पाहिलं, तर डिसेबल्डपुढे 'फॉल्स' अगदी नीट लिहिलेलं. तरी बटण राखाडीच. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग उलगडलं की डिसेबल्ड, चेक्ड, रिक्वायर्ड यांच्यापुढे काय लिहिलंय हे ब्राउझर बघतच नाही. ते तिथे आहे की नाही, एवढंच बघतो. 'फॉल्स' लिहा नाहीतर रिकामं सोडा, बटण बंदच. रिमूव्हॲट्रिब्यूटने ते काढलं आणि बटण उघडलं. आता मी सरळ बटणाच्या डिसेबल्ड प्रॉपर्टीलाच (पान चालू असताना ब्राउझरने ठेवलेली त्याची आत्ताची स्थिती) फॉल्स देतो. तिथे फॉल्सचा अर्थ फॉल्सच होतो, आणि ॲट्रिब्यूट आपोआप निघून जातं.

खरी चूक मात्र पुढेच होती, आणि ती जास्त लागली. शेजारच्या काकूंनी 3 पेट्या मागितल्या, मामाकडे नोंद गेली 1 पेटीची. पेट्यांच्या रकान्यात मी सुरुवातीला 1 लिहून ठेवला होता आणि आकडा गेटॲट्रिब्यूटने (ॲट्रिब्यूट वाचणारी आज्ञा) वाचत होतो. व्हॅल्यू हे ॲट्रिब्यूट म्हणजे पान लिहिताना भरलेली किंमत. माणूस टाइप करतो ते प्रॉपर्टीत जातं, ॲट्रिब्यूट जागचं हलत नाही. म्हणजे कुणी कितीही पेट्या मागितल्या असत्या तरी माझं पान 1च सांगणार होतं. त्या रात्रीच ती ओळ बदलून रकान्याची व्हॅल्यू प्रॉपर्टी वाचायला लावली. काकूंच्या उरलेल्या 2 पेट्या मामाने रविवारी स्वतः आणून दिल्या.

मेन्यूच्या लिंकांना मात्र गेटॲट्रिब्यूटच ठेवलं आहे. एचरेफ (लिंकचा पत्ता) ही प्रॉपर्टी विचारली की ब्राउझर साइटच्या नावासकट पूर्ण पत्ता देतो. मला मी लिहिला तेवढाच तुकडा हवा असतो.