सेशन ११: गॉब्लिनना डोकं दिलं
डंजन्स अँड ड्रॅगन्स (D&D) या डाइस टाकून गोष्ट खेळायच्या खेळात शत्रू मी चालवतो, बाकीचे एकेक पात्र खेळतात. मागच्या सेशनला माझे ८ गॉब्लिन (बुटके राक्षस) सरळ पळत आले आणि तिसऱ्या राऊंडला संपले, आमचा फायटरवाला (तलवारवाला योद्धा खेळणारा) तर बाकरवडी खात खात डाइस टाकत होता. जाम लागलं मला. घरी येऊन २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधलं (खेळातल्या राक्षसांचं पुस्तक) गॉब्लिनचं पान परत वाचलं. ७ हिट पॉइंटचा, म्हणजे जेमतेम जीव असलेला प्राणी तलवारवाल्याच्या अंगावर मुळात जाईलच कशाला? त्याच्याकडे शॉर्टबो (छोटं धनुष्य) आहे, स्टेल्थ (लपायचं कौशल्य) +६ आहे आणि बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधली जादा कृती) लपता येतं, म्हणजे पुढे ये, बाण सोड, मागे सरक, गायब, हे दर टर्नला जमतं आणि मी इतके दिवस ते वापरलंच नव्हतं.

काल कोथरूडला मित्राकडे बसलो. मॅप म्हणजे अप्पा बळवंत चौकातनं आणलेला चार्ट पेपर, १ इंचाचे चौकोन आखलेले, गॉब्लिन म्हणजे कॅरमच्या काळ्या सोंगट्या. फक्त ६ घेतले, रात्रीचं जंगल आणि अंतर ७० फूट. गंमत अशी की खेळाडूंमधल्या एल्फला अंधारात ६० फुटांपर्यंतच दिसतं, मशालीचा उजेड अंधुक धरून ४० फूट, पण मशाल धरणारा स्वतः लांबूनही लख्ख दिसतो की. त्यामुळे बाण कुठून येतायत तेच कळेना आणि न दिसणाऱ्याचा नेम म्हणून प्रत्येक बाणाला ॲडव्हान्टेज (दोन डाइस टाकून मोठा आकडा घ्यायचा). दुसऱ्या राऊंडला क्लेरिक (जखमा बऱ्या करणारी पुजारीण) आडवी, बाकरवडीचा डबा बंद!

माझा घोळ म्हणजे लपायचे रोल मी सहा जणांचे वेगळे टाकत बसलो, सगळे मोबाईल काढून बसले. तिसऱ्या राऊंडपासून सगळ्यांचा मिळून एकच रोल, तेव्हा कुठे वेग आला.

मग विझार्डने (जादूगाराने) भारी डोकं लावलं, रेंजरच्या (तिरंदाजाच्या) बाणावर लाइट कँट्रिप (वस्तू उजळवणारा साधा मंत्र) टाकला आणि तो बाण सरळ झाडीत. सगळे उघडे पडले. दोघं मेले की बाकीचे पळणार हे मी आधीच वहीत लिहून ठेवलं होतं, आमच्या गल्लीतली कुत्री नाही का, गाडीमागे जीव तोडून धावतात पण तुम्ही थांबून वळलात की शेपूट घालून गुल, तसंच. फायटर ओरडतोय अरे हे चीटिंग आहे, लढा ना!

चार पळालेत. विझार्ड कोण आहे ते त्यांनी नीट बघून ठेवलंय, पुढच्या रविवारी पहिले चारही बाण त्यालाच.