पॅरिस ते रोम, बसने : युरोपच्या ग्रुप टूरला निघालेल्यांसाठी

मेच्या शेवटी युरोप करून आले. पॅरिसला उतरलो, तिथून बसने बेल्जियम, हॉलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, मग इटली आणि रोमहून परत. आल्यापासून जो भेटतो तो विचारतो कुठल्या कंपनीतून गेलात आणि किती पडले. खरं सांगू का, मोठ्या कंपन्यांच्या या टूर्स जवळपास सारख्याच असतात, तोच आयफेल, तोच स्वित्झर्लंडचा बर्फाचा डोंगर, टिटलिस नाहीतर युंगफ्राऊ, तेच व्हेनिस, आणि रात्री तीच पनीरची भाजी. फरक पडतो तो बसमधल्या बाकीच्या चाळीसेक माणसांमुळे, आणि ती काही ब्रोशरमधे छापलेली नसतात. त्यामुळे जागांची वर्णनं कमीच करते, फोटो सगळ्यांनी बघितलेले आहेत. लोकांबरोबर कसं निभवायचं ते सांगते.

मी एकटीच गेले होते. आमच्या ह्यांना विमानाची धास्ती आणि मुलीला सुट्टी नाही. एकट्या माणसाला दोन पर्याय, सिंगल रूमचे जादा पैसे भरा (आणि ते बरेच असतात) किंवा कंपनी देईल तो रूम पार्टनर घ्या. पार्टनर घेणार असाल तर बुकिंग करतानाच विचारून, शक्यतो ईमेलवर लिहून घ्या की पार्टनर मिळाला नाही तर जादा पैसे कोण भरणार. आमच्या ग्रुपमधे एका गृहस्थांना निघायच्या आठवडाभर आधी फोन आला की पार्टनरने कॅन्सल केलंय, आता तुम्ही फरक भरा. बिचारे सगळा प्रवास तेच सांगत होते, आणि आम्ही सगळे ऐकत होतो.

मला मिळाल्या अकोल्याच्या एक निवृत्त शिक्षिका. सगळा ग्रुप त्यांना काकू म्हणायचा. पहिल्या रात्री बॅग उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "मी घोरते बरं का, आधीच सांगून ठेवते. तुला कशाचा त्रास होतो ते तूही सांग." मी सांगितलं की मला अंधार लागतो आणि पहाटे प्लास्टिकच्या पिशव्यांची कुरकुर सहन होत नाही. झालं, पाच मिनिटांत ठरलं, त्या पहाटे पाचला उठून आधी अंघोळ करणार, पिशव्या रात्रीच भरून ठेवणार, मी कानात बोळे घालणार. मे-जूनमधे तिकडे रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे पडदे आठवणीने ओढायचे. हे सगळं पहिल्याच रात्री बोलून घ्या, चौथ्या दिवशी बोलायला गेलं की ते भांडण वाटतं.

बाथरूमचं मात्र नवराबायको असलात तरी वाचा. तिकडे टब किंवा शॉवरची जागा सोडली तर जमिनीला पाणी जायला जाळीच नसते. पडदा टबच्या आत सोडून अंघोळ करायची. आमच्यातल्या एका जोडप्याने सवयीने बाहेर उभं राहून पाणी घेतलं आणि ते दाराखालून थेट खोलीतल्या कार्पेटवर, मग रिसेप्शनची बाई वर आली आणि पुढचं सगळं झालं. जेट स्प्रे कुठेच नाही, इटलीत बिडे (कमोडशेजारचं धुवायचं भांडं) असतं, बाकीकडे आपला प्लास्टिकचा मग किंवा रिकामी बाटली.

आता बस. पहिल्या दिवशी पुढच्या सीट्स पकडायला जी धावपळ होते ती बघून मला एसटी स्टँड आठवला, खिडकीतून रुमाल टाकायचंच तेवढं बाकी होतं. चांगल्या टूर मॅनेजरकडे सीट रोटेशन असतं, रोज दोन रांगा मागे सरकायचं आणि शेवटचे पुढे येणार. नसेल तर पहिल्याच सकाळी, सगळे हजर असताना, हसत हसत सुचवा. कोणाला बस लागत असेल तर त्याने आधी सांगावं म्हणजे लोक आनंदाने पुढची सीट देतात, पण गुडघेदुखी, मळमळ आणि "मला फोटो काढायचेत" ही तिन्ही कारणं एकाच कुटुंबाने तीन दिवसांत दिली की मग लोक बघायला लागतात. बसमधे बहुतेक ड्रायव्हर खाऊ देत नाहीत. आमचा ड्रायव्हर एरवी गोड माणूस, पण मागच्या सीटखाली फरसाण सांडलेलं दिसल्यावर त्याने स्वतः झाडू आणून आमच्यासमोर झाडलं, एक शब्द न बोलता. त्या दिवसापासून फरसाण बंद.

आणि या ड्रायव्हरबद्दलची एक गोष्ट कळली ना, तर अर्धी भांडणं होणारच नाहीत. तिकडे ड्रायव्हरच्या तासांचा कायदा आहे. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं ब्रेक, दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग (आठवड्यातून दोनदा १० चालतं), आणि रात्री सलग ११ तास विश्रांती, जी अधूनमधून ९ पर्यंत कमी करता येते पण रोज नाही. हे सगळं बसमधल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात नोंदलं जातं, पोलीस ते तपासतात आणि दंड जबर असतो. म्हणजे "दहा मिनिटांनी काय होतंय" असं जे आपण म्हणतो त्याने खरोखर होतं. रात्री हॉटेलला उशिरा पोचलो की ड्रायव्हरची विश्रांती उशिरा सुरू, म्हणजे सकाळी बस उशिरा सुटणार, म्हणजे दुसऱ्या दिवशीचं एखादं ठिकाण कापलं जाणार. मॅनेजर हे सांगत असतात पण माइकवर एवढं काही सांगतात की हे कोणी ऐकत नाही.

आमच्या बाबतीत झालं ते ल्युसर्नला. तो जुना लाकडी पूल बघून झाला, मग शॉपिंगला वेळ दिला. तिथे श्वानेनप्लाट्झ नावाच्या चौकात बस थांबतात, आजूबाजूला सगळी घड्याळांची दुकानं, पण बसला तिथे उभं राहू देत नाहीत, लोकांना चढवायचं आणि निघायचं. ठरलेल्या वेळेला बस आली, आम्ही चढलो, आणि एक जोडपं नाही. बस निघाली, चक्कर मारून परत आली, तरी नाही. मॅनेजर दुकानादुकानात शिरून शोधतोय, बसमधे कुजबुज सुरू, कोणी म्हणतंय सोडून चला, कोणी म्हणतंय फोन करा, फोन बंद. तिसऱ्या फेरीला दोघं आले, हातात पिशवी, चेहऱ्यावर काहीच नाही. बसमधे अशी शांतता की आता ठिणगी पडणार, तेवढ्यात काकू आपल्या जागेवरून म्हणाल्या, "काय जी, घड्याळ घ्याले गेले अन् टाइमच विसरले का?" सगळी बस हसली, ते गृहस्थही हसले आणि मग सगळ्यांना सॉरी म्हणाले. दुसऱ्या दिवशी बस उशिरा सुटली ती सुटलीच, इन्सब्रुकला ते सोन्याच्या छपराचं घर म्हणजे पंधरा मिनिटं, मान वर करून बघितलं, फोटो काढला आणि चला. पण त्या जोडप्याला टूर संपेपर्यंत कोणी वाळीत टाकलं नाही, याचं श्रेय मी काकूंनाच देईन. असं बोलता येणारं एखादं माणूस प्रत्येक ग्रुपमधे असतंच, ते कोण आहे हे पहिल्या दोन दिवसांत हेरून त्याच्याशी मैत्री करावी.

स्वतःपुरतं सांगायचं तर दिलेल्या वेळेआधी दहा मिनिटं जायचं, आणि जमायच्या जागेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. व्हेनिसला सॅन मार्कोच्या चौकात गर्दी एवढी की "पाण्याजवळच्या दोन खांबांपाशी" असं सांगूनही दोघंजण चौकातल्या झेंड्यांच्या खांबांपाशी उभे. फोनचं पॅक घेताना एक बघा, काही स्वस्त युरोप पॅकमधे स्वित्झर्लंड धरलेलं नसतं कारण ते युरोपियन युनियनमधे नाही, आणि नेमकं तिथे फोन लागत नाही.

खाण्याचं. रात्री भारतीय हॉटेलात जेवण, डाळ, जिरा राइस, एक पनीर, एक चिकन, गुलाबजाम. चौथ्या दिवशी कंटाळा येतो हे खरं, पण तिथे बसून रोज "आमच्याकडे अशी डाळ कोणी खाणार नाही" म्हणणाऱ्यांचा जास्त कंटाळा येतो. एखादा दिवस सांगून जेवण सोडा आणि बाहेर पिझ्झा खा, पैसे परत मिळत नाहीत पण मन बरं होतं. घरून चिवडा, ठेपले, शेंगदाण्याची चटणी न्या. पेढे, बर्फी, तूप नेऊ नका, युरोपियन युनियनमधे बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. मे महिना म्हणून कौतुकाने हापूसही घेऊ नका, केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन सोडून ताज्या फळांना तिकडे सर्टिफिकेट लागतं. आणि ब्रेकफास्टच्या टेबलावरून उकडलेली अंडी, केळी, ब्रेड पर्समधे भरणं, हे कृपा करून नको. स्टाफ काही बोलत नाही पण बघतो, आणि मग पुढच्या भारतीय ग्रुपला वेगळ्या खोलीत वेगळा नाश्ता लावला जातो.

सुट्टी नाणी सांभाळा. हायवेवरच्या टॉयलेटला पैसे पडतात, जर्मनीत सॅनिफेअर म्हणून असतात तिथे १ युरो, पण त्याचं कुपन मिळतं ते तिथल्याच दुकानात चालतं, फेकू नका. स्वित्झर्लंडला फ्रँक, तिथे सरळ कार्ड वापरा. आणि हातात दोन युरोचं नाणं घेऊन रांगेतल्या कोणाला तरी "सुट्टे आहेत का" विचारायची वेळ सगळ्यांवर येते, आपल्याला कोणी विचारलं तर देऊन टाकायचे, हिशेब ठेवायचा नाही. ओळखी तिथेच झाल्या माझ्या जास्त.

टूर मॅनेजर हा नोकर नाही. आमचा मॅनेजर पंचविशीतला मुलगा, रोज सगळ्यांच्या आधी उठून सगळ्यांच्या नंतर झोपायचा, आणि काही लोक त्याला खोलीतला गीझर दाखवायला बोलवायचे, तिकडे गीझर नसतोच वेगळा. टिप बहुतेक वेळा आधीच ठरवून गोळा करतात, ड्रायव्हरची आणि मॅनेजरची, ती टूरच्या पैशात धरली आहे का हे बुकिंगच्या वेळीच विचारा म्हणजे पॅरिसला बसमधे वाद होत नाही. ऑप्शनल, म्हणजे वेगळे पैसे भरून करायच्या टूर्सचंही तसंच.

व्हॉट्सअॅप ग्रुप दोन करा. एकावर फक्त मॅनेजरच्या सूचना, दुसऱ्यावर फोटो, गुड मॉर्निंग आणि सुविचार. आमच्याकडे एकच होता, सकाळी निघायची वेळ बदलल्याचा मेसेज ट्रेव्हीच्या कारंज्याच्या दीडशे फोटोंखाली गाडला गेला. राजकारण बसमधे काढू नये, एकदा निघालं आणि ऑस्ट्रियातून इटलीत उतरतानाचा ब्रेनर पास (घाट) कधी गेला ते कोणाला कळलं नाही, एवढा सुंदर रस्ता. "मुलगा काय करतो, लग्न झालं का" हे विचारणारे असणारच, हसून उत्तर द्यावं नाहीतर खिडकीतून गाई दाखवाव्यात, स्वित्झर्लंडात गाई भरपूर. अंताक्षरी जेवणानंतर अर्धा तास ठीक, दुपारी लोक झोपतात.

वर जाताना, म्हणजे टिटलिस किंवा युंगफ्राऊ, (युंगफ्राऊचं स्टेशन ३४५४ मीटरवर आहे), बर्फ दिसला की लोक पळत सुटतात आणि दोन मिनिटांत धापा टाकत बसतात. हळू चाला, गॉगल हवाच. बीपीची गोळी हातातल्या पर्समधे ठेवा, बस खाली राहते.

कागदांचं थोडक्यात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालू आणि १० वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी, इन्शुरन्स ३०,००० युरोचा. शेंगेन व्हिसाची (या सगळ्या देशांना मिळून एकच लागतो तो) फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीचे वेगळे. बोटांचे ठसे आधी दिले असतील तर ५९ महिने चालतात. लंडन जोडलेलं असेल तर त्याचा व्हिसा वेगळा. कंपनी टूरच्या पैशांवर टीसीएस म्हणून कर घेते तो इन्कम टॅक्स रिटर्न भरताना क्लेम करा, पावती जपून ठेवा. पासपोर्ट अंगावरच्या पाऊचमधे, झेरॉक्स बॅगेत, फोटो मोबाइलमधे. पॅरिसच्या मेट्रोत आणि रोममधे पाकीटमार फार आहेत, आणि ते आपल्यासारखेच टूरिस्ट दिसतात, कॅमेरा गळ्यात वगैरे. व्हॅटिकनला खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, बर्म्युडा घातलेल्या दोन काकांना काकूंनी आपल्या ओढण्या दिल्या, त्या कमरेला गुंडाळून ते आत गेले. म्हणून बॅगेत एखादी ओढणी असू द्यावी.

शेवटी रोमच्या विमानतळावर व्हॅट रिफंड, म्हणजे खरेदीवर भरलेला कर परत घेणं. इटलीत घेतलेल्या पर्सेस, बूट वगैरे चेक-इनच्या आधी कस्टमला दाखवावे लागू शकतात, म्हणून ते बॅगेत सगळ्यात वर ठेवा. फ्रान्स-जर्मनीत घेतलेल्याचंही इथेच होतं, पण स्विस घड्याळाचं होत नाही, त्याचा फॉर्म स्वित्झर्लंड सोडतानाच शिक्का मारून घ्यायचा असतो. आमच्या त्या ल्युसर्नवाल्या जोडप्याने मात्र तो घेतला होता, बॉर्डरवर बस थांबवून, आणि तेव्हा सगळी बस मुकाट्याने थांबली.