शिट्टी नसलेला कुकर

सासूबाईंना आम्ही सगळे आईच म्हणतो. वय ७९, तब्येत ठणठणीत, फक्त कान गेले. ऐकायचं यंत्र आणलंय, पण ते कपाटात असतं. "त्यात नुसता वाराच ऐकू येतोय" म्हणतात. मी मिरजेला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये, हे कुपवाडच्या एमआयडीसीत फिटर, मुलगा शाळेतून दीडला येतो. म्हणजे दुपारचा वरण-भाताचा कुकर आईंच्या हातात. गेल्या मार्चमध्ये एका दुपारी मुलाचा फोन आला. जिन्यापासूनच करपल्याचा वास, आई पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या, कुकरचा सेफ्टी व्हॉल्व वितळलेला आणि आतल्या डाळीचा कोळसा. "दोनच तर झाल्या असतील शिट्ट्या," आई म्हणाल्या. मोजणार कशा?

त्या रात्री ठरलं, गॅसवरचा कुकर आईंनी एकटीनं लावायचा नाही. त्यांना ते लागलं. दोन दिवस जेवल्या, पण बोलल्या नाहीत.

राइस कुकरची कल्पना जावेची. ती इथंच सांगलीत, विश्रामबागला राहते. तिच्या माळ्यावर लग्नात आहेर आलेला एक होता, खोक्यातून न काढलेला. "आधी आठ दिवस वापरून बघ, मग घे," म्हणाली. १.८ लिटरचा, ७०० वॅटचा, चांगला भरभक्कम. आमचा भात किती, तर दोन वाट्या. आम्ही मूळचे भाकरी खाणारे, भात शेवटाला. एवढ्या रुंद भांड्यात दोन वाट्या तांदूळ म्हणजे तळाला पसरलेली सतरंजी. मध्ये बरा, कडेनं कोरडा, खाली खरवड. मुलाला ती खरवड आवडली, बाकी कुणाला नाही. तरी एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळली: आई त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसल्या आणि लाल दिव्याचा पिवळा झाला तेव्हा मला स्वयंपाकघरातून हाक मारली. शिट्टी त्यांना ऐकू येत नाही, दिवा दिसतो. माझ्यापुरतं तिथंच ठरलं, घ्यायचा. फक्त लहान.

हा १.८ आकडा मला आधी विचित्र वाटायचा. दोन लिटरचा का नाही? नंतर समजलं, हे मूळ जपानी माप आहे. त्यांचा एक 'शो' म्हणजे साधारण १.८ लिटर, आणि त्याचा दहावा भाग 'गो', म्हणजे १८० मिलिलिटर. कुकरबरोबर जो प्लास्टिकचा कप मिळतो तो बहुतेक वेळा त्या गोचाच. आईंना सांगितल्यावर लगेच पटलं. "म्हणजे आपलं चिपटं-मापटंच की," म्हणाल्या. त्यांच्या माहेरी अजून पायली आहे. आपोआप बंद होणारा पहिला विजेचा राइस कुकर तोशिबानं १९५५ साली विकायला काढला. तो तयार केला योशितादा मिनामी नावाच्या एका छोट्या कारखानदारानं, आणि घरी रोज भात शिजवून त्याची चाचणी घेतली ती त्याच्या बायकोनं, फुमिकोनं. हे वाचल्यावर मी माझी वही काढली. पण ते पुढं.

हरभट रोडला दोन-तीन दुकानं फिरले. दुकानदाराचा कल मोठ्याकडंच. "पाहुणे आले तर काय कराल ताई?" पाहुणे आले तर गॅस आहे की. मी एकच प्रश्न धरून ठेवला होता: कच्चा तांदूळ जास्तीत जास्त किती शिजतो ते सांगा. कारण खोक्यावरच्या लिटरवर जाऊ नये. एका कंपनीचा लिटर म्हणजे त्यात शिजणारा तांदूळ, दुसरीचा लिटर म्हणजे भांडं काठोकाठ भरल्यावर मावणारं पाणी. दोन्ही शेजारी ठेवले तर आकडा सारखा, भांडी वेगळी. दुसरं, भांडं उलटं करून तळ बघितला. तो सपाटच हवा. पोचा असला तर कुकरच्या आतल्या तापणाऱ्या तव्यावर नीट बसत नाही. भांडं जाड ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचं घेतलं. नॉनस्टिकचं दिसायला छान होतं, पण आई स्टीलच्या डावानंच भात काढणार हे मला माहीत होतं. झाकण काचेचं, कारण त्यांना आत बघायचं असतं. एका ठिकाणी विचारलं, बिघडला तर? "कोल्हापूरला पाठवू." ते दुकान सोडलं. शेवटी एक लिटरचा, ४५० वॅटचा, साध्या खटक्याचा घेतला. डिजिटल बटणांचे होते, खिचडीचं वेगळं, पुलावाचं वेगळं. ७९ वर्षांच्या बाईला एकच खटका बरा.

विजेची काळजी नव्हती. आम्ही गावभागात राहतो. २०१९च्या महापुरात पाणी घरात होतं, त्यानंतर सगळं वायरिंग नवीन केलं, पॉइंट वर घेतले आणि अर्थिंगही नीट करून घेतलं. जुन्या घरात राहणाऱ्यांनी हे मात्र आधी तपासून घ्यावं. धातूचं भांडं, पाणी आणि वीज, तिन्ही एका जागी.

घरी आणल्यावर ह्यांनी पहिल्याच रविवारी तो पालथा घातला. फिटरच्या हाताला राहवत नाही. त्यांनी दाखवल्यावर मला सगळा खेळ कळला. बुडाशी मधोमध रुपयाएवढं एक दबणारं बटण असतं. त्यात लोहचुंबक आणि एका खास मिश्रणाची चकती. खटका खाली दाबला की दोघं चिकटतात आणि हीटर चालू राहतो. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तळ शंभर अंशांच्या आसपासच राहणार, कितीही आच द्या. पाणी तांदळात मुरलं की तळ तापायला लागतो, आणि शंभराच्या थोडं वर गेल्यावर त्या चकतीवर चुंबकाची पकड राहत नाही. स्प्रिंग ढकलते, खट्ट, लाल जाऊन पिवळा. घड्याळ कुठंच नाही. एक कप घाला नाहीतर तीन, पाणी संपलं की तो थांबतो. म्हणजे भात कसा होणार हे खटका दाबायच्या आधीच ठरलेलं असतं, तांदूळ आणि पाणी मापताना.

आणि माझा गोंधळ तिथंच झाला. माझं माहेर शिराळ्याकडचं, तिकडं भात पिकतो, भाऊ दरवर्षी इंद्रायणीचं पोतं पाठवतो. इंद्रायणी ही आंबेमोहरापासून काढलेली जात, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात १९८७ साली आलेली. वास आंबेमोहराच्या घराण्यातला आणि चिकटपणाही. माहितीपत्रकात लिहिलं होतं, एकास दोन पाणी. पहिल्या दिवशी दोन कप तांदळाला चार कप घातलं तर भात नाही, लगदा. वर झाकणाच्या भोकातून पेज उसळून ओटाभर. मुलगा म्हणाला, ज्वालामुखी. दुसऱ्या दिवशी अडीच कप घातलं, तर शितात कणी राहिली. तिसऱ्या दिवशी तीन कप, वीस मिनिटं भिजवून, तीनदा धुऊन, वर अर्धा चमचा तेल. जमला. मऊ, पण शीत वेगळं दिसणारा. तेलानं आणि नीट धुण्यानं फेसही आटोक्यात आला. धुणं वेगळ्या पातेल्यात. मग दुकानातला जुना कोलम केला. त्याला मात्र चार कपच लागलं. सगळं वहीत लिहिलं. आणि मापाला कायम तोच कप, घरातली वाटी नाही. वाटी आईंची वेगळी, माझी वेगळी.

खट्ट झाल्याबरोबर झाकण उघडायचं नाही, दहा मिनिटं तसंच. वाफ आत मुरते, मग हलक्या हातानं मोकळा करायचा. आईंना हे सांगायला लागलं नाही, उलट त्यांनीच मला दटावलं.

एकदा भात निम्मा कच्चा राहिला. पाणी बरोबर, तांदूळ तोच. ह्यांनी भांडं उचललं तर खाली तव्यावर एक शीत वाळून चिकटलेलं. भांडं तिरकं बसलं, तवा नको तेवढा तापला आणि बटण वेळेआधी सुटलं. तेव्हापासून भांडं बाहेरून कोरडं पुसायचं आणि तवा बघायचा, हे आईंचं काम. फार कडक करतात.

दुसरी चूक माझी. सकाळी सातला निघताना तांदूळ धुऊन, पाणी घालून ठेवून जायचे, की आईंनी साडेबाराला नुसता खटका दाबावा. मार्चअखेर चाललं. एप्रिलमध्ये एक दिवस संध्याकाळी आई म्हणाल्या, भाताला आंबूस वास होता गं. सांगलीतल्या एप्रिलमध्ये साडेपाच तास भिजलेला तांदूळ, दुसरं काय होणार? लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला हे कळायला हवं होतं. आता कोरडा तांदूळ मापून एका डब्यात आणि मोजलेलं पाणी तांब्यात ठेवते. धुणं-भिजवणं आई करतात, आणि त्यांना तेच जास्त आवडतं. निदान स्वयंपाक त्यांनी केला असं वाटतं.

पिवळ्या दिव्यावर भात गरम राहतो, पण इंद्रायणी तासाभरानंतर खालून वाळायला लागतो. मुलगा जेवला की प्लग काढायचा. रात्रीपर्यंत तसाच ठेवायचा नाही. उरलेला फ्रिजमध्ये, सकाळी फोडणीचा भात.

वीज गेली तर? पावसाळ्यात दोनदा गेली. खटका चुंबकानं धरलेला असल्यामुळं खालीच राहतो, वीज आली की शिजणं पुढं चालू. दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. तासभर गेली त्या दिवशी भात चिकट झाला. इन्व्हर्टरवर लावायचा विचारही करू नये, आमचा तरी तेवढा नाही. बिलाचं म्हणाल तर ४५० वॅट, अर्धा तास, पाव युनिटाच्या आतच.

खरी अडचण निघाली ती वरणाची. आपण कुकर लावतो म्हणजे खाली डाळ, वर तांदूळ, एका आचेवर दोन्ही. ह्यात दाब नाही, त्यामुळं तूरडाळ शिजता शिजत नाही आणि फेस मात्र घरभर. एकदा करून बघितली, परत नाही. आता प्रेशर कुकर मी सकाळी सहाला लावते, फक्त डाळीचा, आणि शिट्ट्या मी मोजते. घोटलेलं वरण ठेवून जाते, आई गरम करतात. म्हणजे कुकर एक होता तो दोन झाले, आणि माझी झोप अर्धा तास कमी झाली. हे कुणी दुकानात सांगत नाही.

डिसेंबरात भावानं नवं पोतं पाठवलं. जुन्या मापानं, तीन कपांनी, पुन्हा गिचका. नवा तांदूळ, अंगात ओल, पाणी कमी मागतो. आईंनी चव घेतली, पाऊण कप कमी कर म्हणाल्या. मी आधी अर्धाच केला. त्यांचंच बरोबर निघालं. डब्यावरची जुनी चिकटपट्टी काढून त्यांनी स्वतःच्या अक्षरात नवी लावलीय: "नवा, दोन कप, पाणी सव्वादोन."