कॅलाबारमधली जुळी

नायजेरियातल्या कॅलाबारमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम करत असताना एका रात्री झटके येणारी गरोदर बाई थिएटरात आली. पोटात जुळी, रक्तदाब आवरेना. पूर्ण भूल देऊन सिझेरियन केलं. दोन्ही मुली खणखणीत रडल्या. आईचं मात्र सोपं नव्हतं. झटक्यांसाठी मॅग्नेशियम चालू असलं की स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर लांबतो. बराच वेळ वाट पाहिली, मग तो असर उतरवणारं निओस्टिग्मिन भरायला घेतलं.

"डॉक्टर, याचं मूळ आमच्या एसेरेच्या बीत आहे," इथल्या एफिक समाजातल्या मेट्रन म्हणाल्या.

एसेरे म्हणजे कॅलाबार बीन, ही विषारी बी मी पुस्तकात वाचली होती. तिच्यातून फायसोस्टिग्मिन हे औषध मिळालं आणि त्याच्या धर्तीवर निओस्टिग्मिन तयार झालं. ती बी इथे माणसांना पाजत, हे मात्र मेट्रनकडून नीट कळलं. चेटकाचा आळ आला की बी वाटून प्यायला द्यायची. ओकून वाचला तो निर्दोष, मेला तो दोषी. जुळ्यांबद्दलही अशीच समजूत होती: त्यांच्यापैकी एक सैतानाचं, म्हणून दोघांनाही मडक्यात घालून रानात टाकायचे आणि आईला गावाबाहेर काढायचे.

"हे कुणी थांबवलं?" मी विचारलं.

"मा स्लेसर!" मेट्रनच्या आवाजात घरच्या माणसाबद्दलचा अभिमान होता.

मेरी स्लेसर स्कॉटलंडच्या. डंडीच्या गिरणीत त्या अकराव्या वर्षी अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा करत. 1876 मध्ये मिशनच्या कामासाठी कॅलाबारला आल्या, एफिक शिकल्या आणि 1888 मध्ये ओकोयाँग या भागात मातीच्या घरात राहायला गेल्या. टाकून दिलेली जुळी घरी आणून वाढवली. त्यातली जेनी त्यांची मुलगीच झाली. तिचा जुळा भाऊ वाचला नव्हता.

मेट्रननी सांगितलेला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. तिथल्या एकेंगे गावाचा प्रमुख एडेम याचा मुलगा एटिम अंगावर ओंडका पडून जायबंदी झाला. स्लेसरबाईंनी त्याची शुश्रूषा केली, तरी तो गेला. लगेच चेटकाचा संशय आला. माणसं साखळदंडांनी बांधली, बी वाटायला घेतली. बाईंनी मृताला असा मान द्यायचं ठरवलं की सूडाची गरजच उरू नये. प्रेताला उंची कपडे चढवले, रेशीम गुंडाळलं, वर छत्री धरली, समोर आरसा ठेवला. लोक बघत राहिले. मग रात्रंदिवस त्या कैद्यांजवळ बसून राहिल्या. हळूहळू एकेकाला सोडलं गेलं. एटिमबरोबर माणूस नाही, गाय पुरली.

प्रार्थनेवर त्यांचा गाढ विश्वास होता, पण प्रार्थना करून त्या घरी झोपायला गेल्या नाहीत. मला त्यांच्या श्रद्धेत हेच सगळ्यांत मोठं वाटतं. शस्त्र नाही, शिपाई नाही, वरचेवर मलेरियाचा ताप, आणि तरी जागेवरून न हलणं. 1892 मध्ये इंग्रज सरकारने त्यांच्याकडे न्यायदानाचं कामही सोपवलं. 13 जानेवारी 1915 रोजी त्या याच भागात वारल्या.

इकडे थिएटरात आमच्या पेशंटने हाक मारल्यावर डोळे उघडले, माझं बोट घट्ट धरलं. श्वासाची नळी काढली. पहिला प्रश्न, "दोघी बऱ्या आहेत ना?"

आठवड्याने तिघी घरी गेल्या. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या पुढे काही दिवस चालू ठेवल्या.