१७९४ बोर्ड: टिकटिक पंख्याने पकडून दिली

माझ्या १७९४ बोर्डच्या (पीसीएम१७९४, डिजिटल आवाजाचा अॅनालॉग सिग्नल करणारी डॅक चिप) आवाजातली टिकटिक गेली! काल रात्री ४८ किलोहर्ट्झवर वीस मिनिटं सलग टोन ऐकला, एकदाही टिक नाही.

मागच्या नोंदीत मी सगळा दोष सप्लायवर ढकलला होता, तो चुकीचा होता. रेग्युलेटर बदलले, ग्राउंडची तार जाड केली, बोर्डला आवाज पुरवणारा रास्पबेरी पाय (छोटा संगणक) पॉवर बँकवर चालवून पाहिला. सेकंदाला दोन-तीनदा टिक व्हायची ती होतच राहिली. मुलुंडच्या उकाड्यात टेबल फॅन कायम फिरता असतो. त्याचा वारा बोर्डवर आला की टिकटिकीची लय बदलायची, पंखा वळला की थोड्या वेळाने पूर्ववत. वाऱ्याने असं काय बदलेल? ऑसिलेटरच्या क्रिस्टलचं तापमान!

मास्टर क्लॉक (चिपचा मुख्य ठोका, डेटाशीटमधला सिस्टीम क्लॉक) येत होता सॉकेटातल्या २४.५७६ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरमधून, बिटक्लॉक (दर बिटला एक ठोका) आणि एलआरसीके (डावा-उजवा चॅनेल सांगणारा, दर सॅम्पलला एक ठोका) पायकडून. दोन वेगळी घड्याळं. डेटाशीट सांगते की एलआरसीके आणि सिस्टीम क्लॉक एकमेकांपासून ६ बिटक्लॉकहून जास्त सरकले की चिप पुन्हा जुळवून घेते आणि तेवढा वेळ आउटपुट शून्यावर नेते. सेकंदाला ३०.७२ लाख बिटक्लॉक. फरक दशलक्षात ५ धरला तर १५ सरकतात, म्हणजे अडीच वेळा टिक. हिशेब कानाशी जुळला तेव्हा अंगावर काटा आला.

मग सगळे ठोके एकाच ऑसिलेटरमधून भागून काढायला ७४एचसी४०४० काउंटर हवा होता, म्हणून शनिवारी लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. एका दुकानात त्याऐवजी सीडी४०४० पुढे केला, ‘दोन्ही एकच’ म्हणाले. पिना त्याच, पण तो ५ व्होल्टवर २४ मेगाहर्ट्झ मोजू शकत नाही. चिपवरची छपाई वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ७४एचसी४०४० पुढच्या गल्लीत मिळाला.

आता एकच घड्याळ: ऑसिलेटर भागिले ८ म्हणजे बिटक्लॉक, भागिले ५१२ म्हणजे एलआरसीके, आणि पाय स्लेव्ह, म्हणजे त्याच ठोक्यांमागे चालणारा. पायच्या पिनांना ५ व्होल्ट सोसत नाहीत, म्हणून दोन्ही तारांवर व्होल्टेज कमी करणारी १ के-२ के रेझिस्टरची जोडी. रिपल काउंटर (टप्पे एकामागून एक बदलणारा) असल्याने एलआरसीके किंचित मागून येतो, पण स्कोपवर पाहिलं, बिटक्लॉकच्या चढत्या कडेआधी तो स्थिरावतो.

४४.१ साठी वेगळा डिव्हायडर लावायचं ठरवलं होतं, पण हे लिहितानाच लक्षात आलं, गरजच नाही! २२.५७९२ मेगाहर्ट्झ भागिले ५१२ बरोबर ४४.१ किलोहर्ट्झ. सॉकेटातला ऑसिलेटर बदलला की झालं. आय-व्ही स्टेज (चिपच्या करंटचं व्होल्टेज करणारा भाग) पुढच्या रविवारवर ढकलतो, आधी तो ऑसिलेटर आणतो.